पोटापर्यंत चिखल

दारात चपला काढल्या की आमचे घरमालक आधी माणसाकडे बघत नसत, चपलांकडे बघत. चष्मा कपाळावर सारून, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून बघत. मग विचारत, "पणदऱ्यास्नं आलास व्हय?" आणि आलेला माणूस चपापायचा, कारण तो खरंच पणदऱ्याहून आलेला असायचा. मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हाही तेच. मी दारात उभी, कुणाच्या ओळखीनं आले ते सांगतेय, आणि हे माझ्या सँडलच्या टाचेकडे टक लावून. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्षण काही ठीक नाही, दुसरीकडे खोली बघू. तेवढ्यात ते म्हणाले, "ही माती जरा देतीस का?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "द्या बाई, द्या. न्हायतर जेवण जायचं न्हाय त्यास्नी."

त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला, माझ्या टाचेला वाळलेली माती चाकूच्या टोकानं त्यावर पाडली, पुडी बांधली आणि वरची खोली मला दिली. मी फलटणकडची. आमच्याकडे वेडी माणसं नाहीत असं नाही, पण ती भाडेकरूच्या चपला खरवडत नाहीत.

गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागले, आणि बायकोला चाची. भिगवण रोडच्या मागं त्यांचं दोन मजली घर आणि रस्त्याला लागून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रंग मारायचं गॅरेज. उभा जन्म त्यांनी ट्रॉल्या घासण्यात, पोचे पुट्टीनं बुजवण्यात आणि लाल-निळ्या चकचकीत करण्यात घालवला. मग गॅरेज मुलाच्या ताब्यात दिलं आणि स्वतः वरच्या मजल्यावर जाऊन बसले. "आजपातूर लोकांची घाण काढली," ते म्हणत, "आता मी घाण लावतो."

कशाला घाण लावत ते सांगते. माझ्या शेजारच्या मोठ्या खोलीत, प्लायवूडच्या लांबच लांब टेबलावर, मराठ्यांची फौज उभी होती. घोडा करंगळीएवढा, स्वार धरून मधल्या बोटाएवढा, सगळे लाकडात कोरलेले आणि हातानं रंगवलेले. ही फौज लढत नव्हती. नीरा नदी उतरून अलीकडच्या काठाला लागत होती. भाले खांद्यावर आडवे, पागोटी सैल झालेली, एकजण खाली उतरून घोड्याचा खूर बघतोय, एक पाणक्या आपल्या पखालीलाच टेकून बसलाय. आलेला पाहुणा हमखास विचारी, चाचा, लढाई कुठाय? चाचांचं उत्तर ठरलेलं. "लढाई दिसाभराची आसती बाबा. बाकी सगळं चालणंच. आन् नदी उतरून चालायचं म्हंजी चिखल."

त्यामुळे एकूण एक घोड्याला पोटापर्यंत चिखल होता. नुसता तपकिरी रंग फासलेला नव्हे. खुराजवळ ओला आणि काळा, गुडघ्यावर निम्मा वाळलेला, पोटाखाली शिंतोडे, आणि शेपटीच्या टोकाला वाळून चिकटलेल्या गाठी. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नकळत माझी ओढणी आवरून घेतली.

एखाद्यानं विचारलंच की तुम्ही मुसलमान, तुम्हाला हा नाद कसा लागला, तर ते चिडत नसत. "आमचा पणजा म्हणं फौजंच्या घोड्यास्नी नाल ठोकायचा. खरं-खोटं त्या घोड्यास्नी ठावं," म्हणत आणि पुन्हा ब्रश उचलत.

काम मात्र बघत राहावं असं. आधी गडद रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा, तो आपोआप खाचांमध्ये उतरतो. मग दुसऱ्या रंगात ब्रश बुडवून तो वर्तमानपत्रावर पुसायचा, पुसायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत, आणि उरलासुरला रंग नुसत्या उंचवट्यांवरून फिरवायचा. माझ्या डोळ्यांदेखत लाकडाचं घोंगडं व्हायचं. खोगिराच्या कडेला कातडं झिजल्यागत दिसायचं. "रंग लावायला कुणीबी लावंल," चाचा म्हणत. "कुठनं पुसायचा ते कळाय पायजे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता.

चाचीच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून वर गेल्या आणि त्यांत माती भरली गेली. पणदऱ्याची काळी, लोणी भापकरची तांबूस मुरमाड, आणि एका मोठ्या बरणीत नीरेचा गाळ. चहाचा चोथा वाळवला की सुकलेलं गवत. कोथिंबिरीच्या मुळ्या म्हणजे बाभळीची झुडपं. उसाच्या चिपाडाचा चाळलेला भुगा म्हणजे घोड्यांची लीद. भाजी निवडताना चाचीनं मुळ्या टाकल्या तर दिवसभर अबोला. खाली गॅरेजात एखादी ट्रॉली नदीकडून भरून आली की मुलानं पाण्याचा पाइप घ्यायच्या आत हे जिना उतरून हजर. "हात लावू नगंस. मडगार्डखाली कसा बसलाय बघू दे." मुलगा बिचारा म्हणायचा, "अब्बा, गिऱ्हाईक ताटकळलंय." गिऱ्हाईक ताटकळायचंच, कारण चाचा ट्रॉलीखाली आडवे झालेले असायचे.

त्यांचे नियम दोन. फौजेला कुणी हात लावायचा नाही. पुसायला चाचीनं नाही, पाहुण्यांच्या लेकरांनी नाही, मी तर नाहीच नाही. आणि दुसरा, साखर कारखान्याचं गाळप चालू असेतोवर वार्निश बंद. धुराडं पेटलं की आमच्याकडे गच्च्यांवर काजळी पडते, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांची वाट लागते. ओल्या वार्निशवर काजळीचा कण बसला तर स्वाराच्या गालावर तीळ उठायचा. म्हणून थंडीभर नुसता रंग, आणि धुराडं विझलं की वार्निश.

या नियमापायीच मळीचा घोटाळा झाला. ओला चिखल ओला दिसावा म्हणून त्यावर वार्निशचा थेंब लागतो, आणि गाळप तर भर जोरात. चाचांनी डोकं लढवलं. कारखान्याची मळी मिळवली, साखर निघाल्यावर उरतो तो काळा पाक, आणि गाळात कालवून घोड्यांच्या पायांना लावली. चमक अशी आली की मी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टेबलावर मुंग्याच मुंग्या, मध्ये मध्ये भाल्यांची टोकं. चाची दारात उभी राहून म्हणाली, "घ्या. एवढी मोठी फौज, मुंग्यांनी जितली." मी झाडू आणायला निघाले तर चाचांनी मला थांबवलं, खुर्ची ओढली आणि मुंग्यांची रांग बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बघ पोरी, एकबी मुंगी नाकासमोर चालत न्हाय. माझं स्वार लईच सरळ चाललेत." पुढचा आठवडा त्यांनी अख्खी फौज वाकडीतिकडी लावण्यात घालवला, आणि खरं सांगते, त्यानंतर ती जास्त दमलेली दिसायला लागली.

एकदा एका गणेश मंडळाची पोरं आली. देखाव्याला फौज द्या म्हणाली. चाचा खुश झाले, स्वतःच्या लग्नातही झाले नसतील इतके, असं चाची म्हणाली. मग त्यातला एक म्हणाला, "फक्त तेवढं जरा धुऊन द्या की चाचा. पाव्हणे यायचे हायत."

"पाव्हण्यास्नी चिखल बाधतो का?"

"तसं न्हाय, पण झेंडा, पागोटी जरा उठावदार पायजेत. लायटिंगमधी चिखल मारून टाकतो सगळं."

चाचांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. नंतर मुलानं, सुनेनं, गल्लीतल्या चार शहाण्यांनी समजावलं की पेपरात फोटो येईल. चाचा हललेदेखील नाहीत. एवढ्या लोकांनी बघितलं असतं, मलाही वाटलं द्यावी. पण चिखल काढायचा म्हटल्यावर विषयच संपला.

आता घोडे कोणाचे ते. चाचांना कोरता येत नव्हतं. कोरायचे ते इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे तात्या, गुरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. घोडा आतून कसा असतो ते त्या माणसाला ठाऊक होतं. भावाची ट्रॉली रंगवायला आणली असताना, बसल्या बसल्या खिशातल्या चाकूनं त्यांनी लाकडाच्या तुकड्याचा बैल केला. चाचांनी तो ट्रॅक्टरच्या रंगानं रंगवला. झाली दोस्ती. पुढं तात्या पांगाऱ्याच्या लाकडात घोडे कोरायचे, चाचा रंगवायचे, आणि फौज वाढायची.

मी राहायला गेले तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते चाचीनं मला भाकरी थापता थापता सांगितलं. तात्यांनी एक अख्खा उन्हाळा खपून काही घोडे कोरले होते. लगाम, रिकीब, खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, सगळं दोऱ्याएवढं बारीक, बकलासकट. चाचांनी ते रंगवले आणि पोटापर्यंत चिखल केला. तात्या बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माझं काम गाडलंस पेंटर." चाचांनी गप्प बसावं की नाही? पण म्हणाले, "तुझी घोडी वरातीतली दिसत व्हती. मी फौजंतली केली." तात्या उठले. चाचीनं केलेला चहा तसाच राहिला, आणि ते जे गेले ते पुन्हा त्या जिन्यावर चढले नव्हते.

आणि गंमत अशी की महिन्याभरानं एस.टी.नं एक स्टीलचा डबा आला. आत बाजरीच्या भुसकटात नीट ठेवलेले दोन नवे घोडे. चिठ्ठी नाही, निरोप नाही. चाचांनी ते रंगवले, पोटापर्यंत चिखल केला आणि फौजेत उभे केले. डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून चाचीनं त्यात नानकटाई भरून दिली. तेव्हापासून ते चालूच. इकडून नानकटाई, तिकडून घोडे.

मी एका डेअरीत दूध तपासायचं काम करत होते. डेअरीच्या जीपमधून रोज गावोगावच्या केंद्रांवर फिरायचं, त्यात वरकुटे होतं. मग काय, डबा माझ्या गळ्यात पडला. तात्या ओट्यावर बसलेले असत. नानकटाई तोंडात टाकत आणि आभाळाकडे बघत विचारत, "चिखल करतोय का अजून?"

"करतायत की."

"करू दे. दुसरं येतंय काय त्याला."

संध्याकाळी घरी आले की इकडचं. "कायतरी म्हणला का त्यो?" "नाही." "मीबी न्हाय इचारत." आणि डबा उघडून एकेक घोडा उजेडात फिरवून बघत. एकदा एक घोडा मान पार मागं वळवलेला आला. चाचा म्हणाले, "बघ, तोंड फिरवलंय. मला दावतोय." मी म्हटलं, "अहो, घोडा आहे तो." "तुला न्हाय कळायचं." दोघांच्याही खिशात मोबाइल होते. मला दोघांचाही असा राग यायचा की वाटायचं, डबा नीरेत फेकून द्यावा.

मग एका डब्यात एक वेगळाच घोडा आला. गाळप नुकतं सुरू झालं होतं. चाचांनी तो उचलला, फिरवला, आणि फिरवतच राहिले. चहा निवला तरी फिरवतच होते. मी विचारलं, काय झालं? त्यांनी तो माझ्यासमोर धरला. एका बाजूला स्वाराचा पाय अडकवायची रिकीब होती. दुसऱ्या बाजूला नव्हतीच.

"विसरले असतील," मी म्हटलं.

"जल्मभर जनावरं तपासली त्यानं. इसरला तर दोन्ही रिकिबी इसरंल. एकच कशी इसरंल?" त्यांनी घोडा खाली ठेवला. "एका अंगाचं दिसंना झालंय त्याला."

दुसऱ्या दिवशी मी वरकुट्याला गेले तर तात्यांच्या सूनबाई त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होत्या. काचबिंदू. उजवा डोळा गेला होता, डावा चालला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली जितकी टिकेल तितकी. सूनबाई आत गेल्यावर तात्या म्हणाले, "पेंटरला बोलू नगंस. कीव करंल त्यो. मग भांडायला कोण ऱ्हायलं मला?"

मी काही कबूल केलं नव्हतं. घरी येऊन सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. भांडण झाल्यापासून वाढलेली फौज तात्यांनी बघितलीच नव्हती. त्यांचे शेकड्यानं घोडे त्या टेबलावर उभे होते, आणि कोरणाऱ्यानं ते तिथं कधी पाहिले नव्हते. नजर पुरती जायच्या आत त्यांनी ते एकदा बघावेत, आता एवढं एकच राहिलं होतं, आणि ते मला कळत होतं तसं चाचांनाही.

मला वाटलं, सकाळी उठून फोन करतील. सकाळी मी बाहेर येऊन बघते तर चाचा टेबलाशी बसलेले, हातात दातांचा जुना ब्रश, वाटीत थिनर. घोड्यांचा चिखल काढत होते.

मी दारातच थबकले. गणेश मंडळाला नाही म्हणणारा माणूस. "चाचा, अहो काय करताय? तुमचं सगळं काम आहे ते."

"त्याला त्याचं दिसू दे," ते मान वर न करता म्हणाले. "माझं काय, मला दिसतंय की."

मी माझ्या खोलीत येऊन बसून राहिले. दूध तपासायला उशीर झाला त्या दिवशी.

आठवड्यामागून आठवडे ते चाललं होतं. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, एकेक पाय, एकेक पट्टा. दोऱ्याएवढे तंग पुन्हा दिसायला लागले, बकलांना त्यांनी पितळी रंगाचा ठिपका दिला. घोडे खरंच देखणे होते, पण वरातीतले दिसत होते, हेही खरं. भांडणानंतर आलेल्या बऱ्याच घोड्यांचे खूर त्यांना तिरपे सापडले, एक पाय बाहेर फेकल्यासारखा. "नजर कवापास्नं जाया लागली असंल कुणास ठावं," असं पुटपुटत त्यांनी खुरांखाली पुट्टी भरून ते सरळ टेकवले. दोस्ताची चूक कशाला दिसायला पाहिजे. त्यांचं जेवण कमी झालं. चाची मला म्हणाली, "कातडं सोलतायत गं स्वतःचं. मला बघवंना."

चिखल निघाला आणि मी म्हटलं, आता बोलवा. तर म्हणाले, वार्निश राहिलंय. धुराडं तर पेटलेलं. मी म्हटलं, "राहू द्या वार्निश. नजर थांबणार आहे का?" चाचा म्हणाले, "काजळी पडलेली घोडी दावू व्हय त्याला? एवढ्या वर्सानं?" त्या साली ऊस उदंड झाला होता, गाळप लांबतच गेलं. मी वरकुट्याहून येऊन रोज भांडायचे. तात्या आता मला पावलांवरून ओळखतात चाचा. डबा घ्यायला तात्यांचा हात दोनदा हवेतच फिरला चाचा. ते ऐकत, गच्चीवर जाऊन कारखान्याच्या दिशेनं बघत, आणि खाली येत. त्यांनाही घाई होतीच, पण अर्धंमुर्धं काम दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी इतकी चिडले होते की एक दिवस भाड्याची खोली सोडते म्हणाले. सोडली नाही.

एकदाचं धुराडं विझलं. वार्निश लागलं, सुकलं. चाचांनी मला रिकामा डबा दिला आणि म्हणाले, "त्याला सांग, घोडी धुतलीत."

वरकुट्याला मी तेवढंच सांगितलं. तात्या ओट्यावरून उठून उभे राहिले. "धुतलीत? पेंटरनं?" मग सूनबाईंना हाक मारली, "माझा धुतलेला सदरा आण गं."

मी त्यांना जीपमध्ये घालून आणलं. जिना चढताना त्यांचा एक हात भिंतीवर होता आणि दुसऱ्यानं माझं मनगट धरलं होतं. वर चाचा दारात उभे. दोघांनी एकमेकांना रामराम केला नाही, सलाम केला नाही. तात्या म्हणाले, "लई उजेड केलायस." चाचांनी खोलीतले सगळे दिवे लावले होते.

"बघ," चाचा म्हणाले.

तात्या टेबलाजवळ गेले. वाकले. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग म्हणाले, "झ्याक." पण त्यांचं तोंड टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्याकडे होतं, जिथं एकही घोडा नव्हता.

मी चाचांकडे बघायचं टाळलं. उशीर झाला होता, आणि तो वार्निशपायी झाला होता, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं.

चाचा पुढं आले. त्यांनी तात्यांचा हात धरला आणि फौजेवर नेऊन ठेवला. "हात लाव," म्हणाले. ज्या टेबलाजवळ चाचीनं कधी फडकं नेलं नव्हतं, तिथं.

तात्यांची बोटं पहिल्या घोड्यावर बसली आणि हलायला लागली. मान, आयाळ, खोगीर, तंग. "आपुन भांडलो त्या उन्हाळ्यातलं हाय हे," ते म्हणाले. "डावा कान आखूड झालाय ह्याचा. लाकूड दगा देऊन गेलं." मग दुसरा, तिसरा. प्रत्येकाला ओळखत होते. लगामावरून नख फिरवत हसत होते. चाचा शेजारी उभे. मग बोटं पायांवरून खाली उतरली, जमिनीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"चिखल कुठाय?"

"काढला."

"का?"

"तूच म्हणालावतास. तुझं काम गाडलं म्हणून."

तात्या खुराखाली नखानं टोकरत होते. "आन् हे काय भरलंयस?"

"पुट्टी." चाचांचा आवाज खाली गेला. "खूर तिरपं झालं व्हतं. मला वाटलं, नजरंमुळं..."

"नजर चांगली व्हती तवा माझी. मुद्दाम तिरपं कोरल्यात ते." तात्यांनी स्वतःचं मनगट वाकवून दाखवलं. "चिखलात घोडं घसरतं तवा खूर असा पडतो. तू चिखल करणार, म्हाईत व्हतं की मला. भांडलो तवापास्नं कितीतरी घोड्यांचं पाय तसंच कोरलेत. तुझ्या चिखलात नीट बसावं म्हणून."

चाचा हळूच स्टुलावर टेकले. "मला कळलंच न्हाय."

"कसं कळंल? चिखलातच घालून ठिवलंस."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं मी यांचा डबा वाहिला, आणि हे बेटे त्या डब्यातून एकमेकांना हे सांगत होते.

"नदी उतरून आलेलं घोडं कोरडं कसं ऱ्हाईल रं पेंटर," तात्या म्हणाले. "जा, गाळ आण. नीरंचा आण, दुसरा नगं."

चाचांनी मोठी बरणी उतरवली. ताटलीत गाळ काढला, गोंद आणि पाणी घालून कालवला, तात्यांच्या हाताखाली सरकवला. तात्यांनी दोन बोटांत चोळून बघितला. "पातळ हाय."

"न्हाय पातळ."

"पातळ हाय म्हणतो ना. हे पाणी झालं, चिखल न्हाय."

"तू घोडी कोर. चिखलातलं मला शिकवू नगंस."

भांडण लागलं, आणि कितीतरी दिवसांनी चाचांचा चेहरा सैल झाला. त्यांनी ताटलीत आणखी चिमूटभर गाळ टाकला, तात्यांनी पुन्हा चोळून मान डोलावली. मग दोघं कामाला लागले. चाचा खुरांखालची पुट्टी काढत आणि घोडा तात्यांच्या हातात देत. तात्या चिखल लावत. खुरांना, गुडघ्यांना, पोटाला. भांडणाच्या उन्हाळ्यातल्या घोड्याच्या त्या दोऱ्याएवढ्या पट्ट्यावर त्यांची बोटं आली तेव्हा चाचांनी त्यांचा हात धरला.

"तंग झाकतोयस की रं."

"झाकू दे," तात्या म्हणाले. "हाय तितं. मला म्हाईत हाय."

चाची चहा घेऊन आली. या खेपेला तात्यांनी कप रिकामा करून खाली ठेवला, आणि कपाच्या कानाला नीरेचा गाळ लागला होता. चाचीनं तो कप आजही धुतलेला नाही. चाचांनी धुऊ दिला नाही.